कडूबाचे दोन हात

कडूबानं अठ्ठ्याहत्तर साली दिल्लीत, एका आंतरराष्ट्रीय जलतरण स्पर्धेत, शंभर मीटर बटरफ्लायच्या शर्यतीत भिंतीला दोन्ही हात लावले होते. हे आधी लिहून टाकतो. कोणी पुढचं न वाचता कागद ठेवून दिला तरी एवढं त्याच्या डोळ्याखालून गेलेलं असावं. कारण आमच्या शहरात, औरंगाबादेत, त्याला तीस वर्षं 'एकहात्या' म्हणत आले, आणि म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना गुडघाभर पाण्यात उभं राहता येत नाही.

मी कडूबाला ओळखायला लागलो तेव्हा तो शहरातल्या पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होता. खाकी हाफपँट, गळ्यात शिट्टी, केस पांढरे, खांदे मात्र बैलाचे. हर्सूलच्या तळ्यात कोणी बुडालं की पहिलं बोलावणं त्यालाच यायचं. बुडालेला माणूस वर काढून काठावर ठेवायचा, आणि पंचनामा सुरू व्हायच्या आत सायकलवर बसून निघून जायचा.

मूळचा पिशोरचा. आधीची दोन लेकरं गेली, म्हणून आईनं, सारजाबाईंनी, याचं नाव कडूबा ठेवलं. मळ्यात पायऱ्यांची विहीर होती. पाठीला वाळका भोपळा बांधून पोरांना तीत सोडायचे. याचा भोपळा सातव्या वर्षीच सुटला. काठावर बसलेल्यांना भिजवायचं म्हणून हा दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून आपटत पोहायचा. या प्रकाराला जगात नाव आहे आणि त्याच्या शर्यती लागतात, हे पिशोरात कोणाला ठाऊक असणार?

त्या विहिरीचा सारजाबाईंनी लावलेला एक नेम होता. बाहेर येताना खालची पायरी शिवायची आणि लगेच उजवा हात कपाळाला लावायचा. "तिनं सोडलं म्हून वर आलास," त्या म्हणायच्या. "तिला न सांगता यायचं नाय." ही सवय कडूबाच्या हातात इतकी मुरली की पाणी कुठलंही असो, काठाला हात लागला की उजवा हात आपोआप कपाळाकडं जायचा.

शिकायला शहरात आला आणि एका रविवारी हर्सूलच्या तळ्यात पोहताना अनंतराव सरांच्या नजरेस पडला. सर एका शाळेत खेळाचे शिक्षक होते, संध्याकाळी पोरांना पोहायला शिकवायचे. त्यांनी याला उचललं. खोटं कशाला बोलू, जीव लावला. सहा वर्षं कडूबा संध्याकाळचा त्यांच्या घरी जेवला. दमयंतीकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्याच्यासाठी दोन भाकरी जास्तीच्या थापायच्या. पुण्याच्या राज्य स्पर्धेत त्यानं भिंत शिवली आणि हात कपाळाला नेला, तेव्हा तिथल्या पंचानं बाद करायला हात वर केला होता. बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकदम लागावे लागतात. पंचानं पाहिलं तेव्हा भिंतीवर एकच उरला होता. सर धावत गेले. दहा मिनिटं भांडले. विहीर, पायरी, सारजाबाई, सगळं पंचाला ऐकवलं आणि निकाल फिरवून आणला. खोलीवर आल्यावर कडूबा म्हणाला, "सर, मी हे सोडून देतो." सर म्हणाले, "का म्हणून? तुझ्या आईचा नेम आहे. मी आहे ना सांगायला."

हे वाक्य ध्यानात ठेवा.

दिल्लीत सर भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. प्राथमिक फेरीतून आठ जण अंतिम फेरीत जाणार होते. कडूबा बरोबर आठवा आला. भिंतीला दोन्ही हात, उजवा कपाळाला. पंचाचा हात वर. बाद. नियम असा की अर्ध्या तासाच्या आत लेखी हरकत द्यायची, आणि ती फक्त व्यवस्थापकालाच देता येते. कडूबा टॉवेल पांघरून बाकावर बसून राहिला. सर आले, शेजारी बसले, म्हणाले, "दिली होती हरकत. फेटाळली. काय करणार, परके लोक." नववा आलेला जलतरणपटू अंतिम फेरीत गेला. तोही आपल्याच देशाचा. मुंबईच्या एका पदाधिकाऱ्याचा मुलगा. पुढच्याच वर्षी अनंतराव सर व्यवस्थापक म्हणून परदेशात गेले. या दोन गोष्टी कोणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. कडूबानं तर नाहीच. दर गुरुपौर्णिमेला तो नारळ घेऊन सरांच्या दारात उभा असायचा.

मग दोन हजार नऊ साल. शहागंजात आम्ही चहाला बसलो होतो. शेजारच्या बाकावर बद्रीनाथ नावाचा एक दलाल होता, प्लॉटांचा. तो म्हणाला, "काय एकहात्या, चहा तरी दोन हातानं पितो का?"

कडूबा हसला. म्हणाला, "बशी धराया लागतो दुसरा."

माझं डोकं सरकलं. मी बद्रीनाथची कॉलर धरली, कडूबानं सोडवली. रस्त्यानं जाताना मी त्याला म्हणालो, "तुझ्या सरांनी हरकत दिली होती ना? मग ती का फेटाळली, कोणी फेटाळली, याचा कागद असणारच. माहितीचा अर्ज टाकतो. छापून शहागंजात भिंतीला चिकटवतो."

"जाऊ द्या ना, भाऊ."

"काहून जाऊ द्या?"

"सरांनी सांगितलंय ना मला. बस झालं."

मी ऐकलं नाही. मला नाही ऐकता येत. सातवी शिकलोय, पण कुठल्या खिडकीवर कुठला अर्ज द्यायचा हे या शहरात माझ्याइतकं वकिलाला माहीत नसेल. पाच महिने लागले, दोन अपिलं करावी लागली, आणि दिल्लीहून जाड पाकीट आलं. त्या दिवसाच्या निकालाचा तक्ता. कडूबाचं नाव, गाव औरंगाबाद, समोर 'बाद'. त्याच्या पुढच्या रकान्यात, हरकत: नाही. खाली व्यवस्थापकाची सही. स्वच्छ, वळणदार, अनंतराव सरांची.

तो कागद मी तलावावर घेऊन गेलो. मला वाटलं, मी त्याला न्याय आणून दिलाय. कडूबानं ओले हात टॉवेलला पुसले, कागद वाचला, परत वाचला. मग म्हणाला, "कशाला आणला हो हा?"

"खरं कळायला नको?"

"दिल्लीत मी हरलो, बाद झालो, गाव हसलं, सगळं झालं. पण माझ्या बाजूनं एक माणूस बोलला व्हता, येवढं माझ्याकडं व्हतं. त्यो बी नेला तुम्ही."

कागद त्याच्याकडंच ठेवून मी घरी आलो.

चार दिवसांनी तोच म्हणाला, "चला, सरांकडं. पण तुम्ही गप बसायचं."

सरांच्या पंच्याहत्तरीचा सोहळा पंधरा दिवसांवर आला होता. तलावावरच होणार होता, आणि पत्रिकेत छापलं होतं की कडूबा बटरफ्लायचं प्रात्यक्षिक करून दाखवणार. घरात हारांचे नमुने पसरले होते. दमयंतीकाकूंनी पाणी दिलं. कडूबानं कागद सरांच्या पुढ्यात ठेवला. सरांनी चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढला. नाकारलं नाही. तेवढं त्यांच्या खाती जमा.

"त्या वेळी तसं करावं लागलं," सर म्हणाले. "वरून निरोप होता. आणि कडू, तू आठवा होतास. अंतिम फेरीत गेला असतास तरी शेवटचाच आला असतास."

"आलो असतो ना, सर," कडूबा म्हणाला. "पण पोहून आलो असतो."

सरांनी कागदाची घडी घातली आणि कडूबाकडं परत सरकवली.

"मला दुसरं काय नको. एक ओळ लिहून द्या. कडूबानं दोन्ही हात लावले व्हते, अशी. तुमच्याच अक्षरात."

"कार्यक्रम होऊन जाऊ दे. मग बघू."

दाराशी उभ्या असलेल्या काकूंनी पुढं येऊन तो कागद उचलला आणि वाचला. त्यांनाही हे आजच कळत होतं, हे मला दिसलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, सोहळ्याच्या दिवशी मांडवातच या कागदाच्या हजार प्रती वाटतो. कडूबा म्हणाला, "तसं केलं तर पुन्हा माझ्याशी बोलू नका." आणि हे म्हणताना तो रागावलेलाही नव्हता, त्यामुळं मी प्रती काढल्या त्या घरीच राहिल्या. अजून आहेत.

सोहळ्याला अडीचशे माणूस होतं. भाषणं झाली. सर म्हणजे या मातीतल्या पोरांचे बाप, असं एक जण म्हणाला. मग कडूबा पाण्यात उतरला. त्रेपन्न वर्षांचा माणूस. पण दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर आले आणि पुढं पडले, तेव्हा मांडवातली कुजबूज थांबली. एक लांबी गेला, वळला, परत यायला लागला. शेवटच्या दहा मीटरला दम तुटलेला दिसत होता, तरी हात जोडीनंच पडत होते. भिंतीशी सरांची खुर्ची मुद्दाम ठेवली होती, हार घालायला सोयीची.

कडूबानं भिंत धरली. दोन्ही पंजे काठावर, बोटं पसरलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या. तो तसाच राहिला. उजवा हात हलला नाही.

"वर ये, कडू," सर म्हणाले.

"सर, किती हात हायेत?"

आवाज मोठा नव्हता, पण माईक खुर्चीजवळच होता. सूत्रसंचालकाला वाटलं गंमत चालली आहे, तो हसला. कोणी साथ दिली नाही म्हणून थांबला.

"वर ये आता. दमलास."

"मोजून सांगा. मी थांबतो."

सरांनी हातातला हार मांडीवर घेतला. त्यांची नजर काठावरच्या त्या पंजांवर होती, हे मी शपथेवर सांगतो. पाहुणे घड्याळ बघायला लागले. व्यासपीठावरचा एक पदाधिकारी मला खूण करून विचारत होता, काय भानगड आहे. मी हात बांधून उभा होतो. कबूल केलं होतं. कडूबाचे दंड थरथरायला लागले. पाण्यात लोंबकळून काठ धरून राहणं सोपं नाही, दम तुटल्यावर तर नाहीच. पण बोटं सुटली नाहीत.

पहिल्या रांगेतून दमयंतीकाकू उठल्या. पायाचं दुखणं होतं, कोणी धरायला गेलं तर त्यांनी हात झटकला. खुर्चीच्या पुढं येऊन वाकल्या.

"दोन आहेत रे," त्या म्हणाल्या. "दोन्ही आहेत. ये वर."

कडूबा काकूंकडं बघत राहिला. मग पुन्हा सरांकडं. सर हाराचा दोरा सोडवत बसले होते. तेव्हा तो शिडीनं वर आला, काकूंना वाकून नमस्कार केला, खुंटीवरची हाफपँट घेतली आणि मांडवातून न जाता मागच्या फाटकानं निघाला. मी मागं गेलो. तो सायकलचं कुलूप काढत होता.

"कपाळाला हात लावला नाही आज," मी म्हणालो.

"इथलं पाणी मला कुठं सोडत व्हतं," तो म्हणाला, आणि हर्सूलच्या दिशेनं गेला. पुढच्या गुरुपौर्णिमेला त्यानं नारळ आणला. सरांच्या दारात उभा राहिला, काकूंच्या हातात दिला, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता परतला.

सरांची ती ओळ अजून लिहून व्हायची आहे. म्हणून ही मी लिहिली.