जहाजातून काढलेल्या म्हाताऱ्या
नातू शाळेच्या प्रोजेक्टसाठी थर्माकोल कापत होता, तापलेल्या तारेचा तो जळका वास आला आणि मला सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतल्या कॅम्प चारमधला आमच्या गल्लीचा गणपती आठवला. त्या वर्षी देखावा अंतराळयुद्धाचा होता. पुढे लाल बल्बांची लढाऊ यानं शत्रूला अडवून धरणार आणि मागून निर्वासितांचं जहाज दोरीवरून वर निसटणार. जहाजातल्या भुसा भरलेल्या बाहुल्या समोरच्या सिंधी आजींनी शिवल्या होत्या, त्यात पांढऱ्या केसांच्या तीन म्हाताऱ्याही होत्या. पण पंख्याच्या जुन्या मोटरला जहाज उचलेना. ‘वजन कमी करू,’ मी म्हणालो आणि आधी म्हाताऱ्याच काढून खोक्यात टाकल्या. पोरं हसली. आजी दारातून बघत होत्या. ‘बरोबर केलंस,’ त्या म्हणाल्या. ‘फाळणीच्या वेळी आमच्या बोटीत पण जागा नव्हती. मैंने भी सास को बंदर पे छोड़ दिया. वो हाथ हिलाती रही.’ मग त्यांनीच बटण दाबलं, जहाज सरसर वर गेलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कालच मुलानं बदलापूरच्या नव्या फ्लॅटचा नकाशा दाखवला. मी खोल्या मोजल्या, पण माझी खाट कुठे, ते विचारलं नाही.