बदकाला ‘अहो’, मला ‘अरे’

आमची ही मला ‘अरे’ म्हणते. लग्नाच्या आधीपासून म्हणते. आम्ही एका वर्गात होतो, एकाच बाकावरून भांडलेलो. लग्न झाल्यावर माझ्या आईने तिला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘आता नवऱ्याला अहो म्हणत जा.’’ ही म्हणाली, ‘‘आई, हा पाटी थुंकीने पुसायचा. याला अहो काय म्हणू?’’ आणि मी, अतिशहाणा, छाती काढून मध्ये पडलो. ‘‘मला नकोच ते अहो-बिहो. आपण त्यातले नाही,’’ असं आईला ठणकावून सांगितलं. पुढे ही तोच शब्द एका बदकाला देणार आहे, हे मला कुठलं माहीत असायला!

ही औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर तिला माझ्या चेहऱ्यापेक्षा सोपं वाचता यायचं. आवाज खणखणीत. ‘‘आजोबा, ही बाटली पोटात घ्यायची आणि ही गुडघ्याला चोळायची. उलटं केलंत तर मला सांगायला येऊ नका,’’ असं तिने एकदा म्हटलं, की म्हातारा दारातून परत फिरून पुन्हा विचारून जायचा. लोकांना वाटायचं बाई रागीट आहे. रागीट नाही. रागीट मी आहे. ती फक्त स्पष्ट आहे, आणि तेच जास्त लागतं.

माझं काम सोफे, गाद्या, खुर्च्या शिवायचं. लग्नानंतर लवकरच मला एका स्टुडिओत काम मिळालं. आवाज रेकॉर्ड करायची एक बारकीशी खोली होती, तिच्या भिंतींना आतून गादी लावायची होती, म्हणजे आवाज घुमत नाही. काथ्या भरायचा, वर कापड ताणायचं आणि दाभणाने बटणं ओढून घ्यायची. एका दुपारी मी शेवटच्या रांगेतलं बटण ओढत होतो, तेवढ्यात ही डबा घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, ‘‘अरे! जेवायला येतोस, की भिंतच खाणार आहेस?’’ मी दचकलो, दोरा निसटला. आणि शेजारच्या खोलीतून एक लुकडा माणूस धावत आला. ‘‘कोण बोललं? आत्ता कोण बोललं?’’

तो दिग्दर्शक होता. मुलांसाठी हाताने काढलेल्या चित्रांचा सिनेमा करत होता, आणि त्याला बदकिणीसाठी आवाज सापडत नव्हता. माझ्या डब्याच्या निमित्ताने सापडला. मी खाली बसून गार भाजी खात होतो आणि वर माझ्या बायकोला बदकीण करायचं ठरत होतं.

गोष्ट साधी. तळं आटत चाललंय, म्हणून बदकांचं एक जोडपं नदीने दुसरं तळं शोधायला निघतं. बदकीण कामाची, बदकराव रुबाबाचे. सारखे पाण्यात स्वतःचं तोंड बघत बसायचे आणि प्रवाहात मागे पडायचे. मग बदकीण मागे वळून म्हणायची, ‘‘अहो... रुबाब पुरे. पाय मारा!’’

बस, एवढंच. पण ते ‘अहो’! त्यात राग होता, लाड होता, आणि शेवटी कुठेतरी हसू दाबलेलं होतं. हिच्या गळ्यात असलं काही आहे, हे मला, तिच्या नवऱ्याला, थिएटरात बाकी सगळ्यांबरोबर कळलं. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पडद्यावर नावं आली. बदकराव म्हणजे रेडिओवरचा एक निवेदक. तो बातम्या सांगायला लागला की बायका हातातलं काम थांबवून ऐकायच्या, असला आवाज. आणि माझी बायको त्याला ‘अहो’ म्हणत होती. तेही असं!

तेव्हापासून आमच्या घरात रेडिओ लागला नाही. बिघडलाय, असं मी सांगायचो.

गल्लीने तर छळ मांडला. मी खांद्यावर फोमची गुंडाळी घेऊन निघालो, की कुणीतरी गॅलरीतून ओरडायचं, ‘‘अहो, पाय मारा!’’ दुकानात लोक खोकल्याचं औषध घ्यायला यायचे आणि जाताना म्हणायचे, ‘‘बाई, एकदा म्हणा ना.’’ ती म्हणायची! औषधाच्या पुडीसोबत परक्या माणसाला फुकट ‘अहो’, आणि घरी आलं की, ‘‘अरे, टॉवेल उचल.’’ मी एकदा विचारलंही, ‘‘तो रेडिओवाला कसा आहे दिसायला?’’ ती म्हणाली, ‘‘मला काय माहीत?’’ मी म्हटलं, उडवाउडवीची उत्तरं देतेय. दोन दिवस तोंड फुगवून बसलो. तिने मनावरच घेतलं नाही, त्याचा आणखी राग आला.

वर्षं गेली. मुलगा मोठा झाला, सून आली, नात झाली. बदकांचा सिनेमा लोक विसरले आणि मी निवांत झालो. मग यंदा, आमच्या भागातलं बंद पडलेलं जुनं थिएटर पुन्हा सुरू करायचं ठरलं, आणि खुर्च्यांचं काम माझ्याकडे आलं. मी लाल रेक्झिन कापत बसलो होतो, तेव्हा मॅनेजर आनंदाने सांगत आला, ‘‘पहिला खेळ ठरला. बदकांचा! जुन्या माणसांना आठवणी, पोरांना नवल. आणि दोन्ही आवाज स्टेजवर बोलावणार. बाईंना सांगा, बदकरावही येताहेत.’’

कात्री हातातच राहिली. मी म्हटलं, ‘‘साहेब, कशाला हात दाखवून अवलक्षण करता? आजकालची पोरं ती. त्यांना दर सेकंदाला काहीतरी फुटायला लागतं. तुमचा सिनेमा म्हणजे पाणी हलतंय, गवत हलतंय. अर्ध्यातच उठून जातील सगळी.’’

‘‘असं वाटतं तुम्हाला?’’ त्याचा चेहरा पडला.

‘‘खात्री आहे,’’ मी म्हटलं. इच्छा होती, असं कसं सांगणार? सिनेमा आपटावा, पोरं उठून जावीत, स्टेजबिज रद्द व्हावं आणि ते ‘अहो’ एकदाचं मरावं, असं मी मनापासून मागत होतो.

इकडे बाईसाहेबांनी आठवडाभर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. न्हाणीघरातून सकाळ-संध्याकाळ ‘‘अहो, अहोऽ, अऽहो’’ चालू. आता वयाने आवाज जरा फाटतो, मध्येच खरखरतो. ‘‘काय रे, पूर्वीसारखं जमतंय का?’’ तिने दारातून डोकं बाहेर काढून विचारलं. मी म्हटलं, ‘‘मला काय माहीत? मला कुणी कधी म्हटलंय का?’’ ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, आणि पुन्हा गुळण्या करायला आत गेली.

रविवारी सकाळी ती ठेवणीतले कपडे घालून पुढच्या रांगेत बसली. मी नातीला घेऊन मुद्दाम मागे बसलो. हॉल भरला होता. माझ्यासारखी पिकली पानं होती, आणि त्यांच्या मांडीवर, कडेवर, पायात पोरंच पोरं. सिनेमा सुरू झाला. तळं, लव्हाळी, वाऱ्याचा आवाज. त्यात कुणीच बोलेना. पोरं चुळबुळायला लागली. एकाने पाणी मागितलं, एकीने फोन मागितला. पडद्यावर तेच झाड तीनदा गेलं. आमची नात म्हणाली, ‘‘आबा, हे सुरू कधी होणार?’’

माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. ‘‘हेच आहे बाळा. असंच असतं शेवटपर्यंत. घरी जायचं का?’’

तेवढ्यात बदकरावांनी पाण्यात आपली मान बघितली, चोचीने पीस नीट केलं आणि हळूहळू मागे मागे जायला लागले. बदकीण थांबली. वळली. ‘‘अहो...’’

कुठेतरी एक पोर खुदकन हसलं. बस, तिथे माझं नशीब फिरलं. दुसऱ्या वेळेला दहा हसली. तिसऱ्या वेळेला बदकराव नुसते पाण्यात वाकले, तोच सगळी पोरं आधीच ओरडली, ‘‘अहोऽऽ! रुबाब पुरे!’’ आणि त्यांच्यामागून, तुम्हाला सांगतो, म्हातारेही ओरडले! माझ्या पुढचा टकलू, चांगला बँकेतून निवृत्त झालेला माणूस, ‘‘पाय मारा, पाय मारा!’’ करत डोळे पुसत होता. नात खुर्चीवर उभी राहिली. ‘‘उतर खाली, शिवण उसवेल!’’ मी खेकसलो. ऐकतंय कोण! नदीला पूर येतो आणि बदकराव रुबाब विसरून जिवाच्या आकांताने पाय मारतात, तिथे सगळा हॉल चिडीचूप झाला. खाली बघतो तर माझाही उजवा पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा हलत होता. मी तो दाबून धरला.

टाळ्या थांबेनात. मॅनेजर स्टेजवर गेला, हिला बोलावलं, आणि मग पडद्याआडून तो आला. काठी टेकत, पांढरेशुभ्र केस, सदरा कडक इस्त्रीचा. म्हातारपणीसुद्धा देखणा, मेला! मी खुर्चीचा हात असा आवळला, की नवं रेक्झिन करकरलं. तो हिच्यासमोर थांबला, मान लववली आणि त्या बातम्यांच्या आवाजात म्हणाला, ‘‘बाई, नमस्कार. इतक्या वर्षांनी का होईना, ओळख झाली.’’

ओळख?

‘‘आमची आज पहिलीच भेट,’’ त्याने लोकांना सांगितलं. ‘‘माझा आवाज आमच्या रेडिओ केंद्रात घेतला, यांचा इथल्या स्टुडिओत. नंतर जोडले. यांचं ‘अहो’ मी थिएटरातच ऐकलं, तुमच्यासारखं तिकीट काढून.’’

लोक हसले. म्हणजे ज्याच्यापायी मी घरात रेडिओ लावू दिला नाही, तो माणूस माझ्या बायकोला आज पहिल्यांदा बघत होता!

आमच्या नातीला दम कुठला. ती खुर्चीवरूनच ओरडली, ‘‘मग आजी, तू अहो कुणाला म्हणत होतीस?’’

‘‘भिंतीला,’’ ही म्हणाली. पुन्हा हशा. ‘‘खरंच. खोलीत मी एकटी. भिंतीला गादी लावलेली होती, तिच्यावर सगळी बटणं सरळ आणि एकच वाकडं. त्या वाकड्या बटणाकडे बघून म्हणायचे.’’

मॅनेजरने मग तो संवाद म्हणून घेतलाच. बदकरावांनी मोठ्या ऐटीत आपलं वाक्य म्हटलं. हिने तोंड उघडलं आणि ‘अहो’ मध्येच फाटलं. मग पोरांनी उरलेलं सगळं तिच्यासाठी ओरडून पूर्ण केलं. ती हसली. हसताना ती त्याच्याकडे बघत नव्हती. बाजूच्या भिंतीकडे बघत होती.

घरी जाताना नात पुढे बदकासारखी चालत होती. शेवटी मला राहवेना.

‘‘सांगितलं का नाहीस कधी, की तो तिथे नव्हताच?’’

‘‘तू विचारलंस कधी? तो कसा दिसतो ते विचारलंस, मी माहीत नाही म्हटलं. तू तोंड फुगवलंस.’’

‘‘आणि ते बटण?’’

‘‘तूच लावलं होतंस की.’’

‘‘तू ओरडलीस म्हणून वाकडं झालं!’’

‘‘म्हणूनच तर लक्षात होतं.’’

मी जरा विचार केला, आणि विचार केल्यावर डोकं आणखी तापलं. ‘‘म्हणजे बटणाला अहो. आणि बटण लावणाऱ्याला अरे?’’

‘‘बटण तोंड फुगवत नव्हतं,’’ ती म्हणाली.

‘‘एकदा म्हण की मला. एकदाच. त्या आवाजात.’’ हे बोलताना मला स्वतःचीच लाज वाटली, पण बोललो. नातवंडं झाल्यावर बायकोकडे हट्ट.

‘‘बघितलंस ना, आता तो आवाज राहिला नाही,’’ ती म्हणाली, आणि नातीला हाक मारून पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या दुकानात पाठमोरा बसून एक खुर्ची उलटी करून खिळे काढत होतो. ही डबा घेऊन आली. ‘‘अरे, जेवायला ये.’’ मी हललो नाही. ऐकू आलं होतं, पण कालचा राग होता. ‘‘अरे, ए! गार होतंय.’’ मी आणखी एक खिळा काढला. तिने डबा बाकावर ठेवल्याचा आवाज झाला.

‘‘अहो...’’

फाटका होता आवाज, खरखरीत. पण शेवटी ते हसू होतं, तसंच दाबलेलं.

आणि मी काय करावं? मी खिळा बाजूला ठेवला, उठलो आणि मान लांब करून दाराबाहेर बघायला लागलो, कोण आलंय म्हणून.