कवळीवाल्या भावजींचा लघुग्रह

आमच्या धाकट्या दिराला घरात सगळे 'थांबाबघू' म्हणतात. चप्पल घ्यायची तरी भावजी दुकानात दोन चकरा मारणार. धंदा कवळ्या करण्याचा. दंतवैद्याकडून साचे येतात, हे मेणात एकेक दात बसवतात, मग घासून चमकवतात. हिरडीची गुलाबी भुकटी भुवयांवर बसते. संध्याकाळी तशाच भुवयांनी कॉम्प्युटरपुढे आकाशाचे फोटो बघत बसायचे. तारे जागच्या जागी, त्यांतून एखादा ठिपका हळूच सरकतो का, एवढंच बघायचं.

एकदा सरकला. आधी कुणालाच न दिसलेला लघुग्रह!

"नाव काय ठेवलंत?" मी विचारलं.

"थांबा वहिनी, बघू. तो पुन्हा पुन्हा दिसायला हवा. त्याची फिरायची वाट पक्की ठरली की नंबर मिळतो. शोधणाऱ्यानं नाव सुचवायचं ते त्यानंतर."

वर्षं गेली. दवाखान्यातून साचे घेऊन एक मदतनीस यायची. ती आली की भावजी घासायचं मशीन बंद करून बघत राहायचे.

"हिचीही वाट पक्की व्हायचीय वाटतं?" मी म्हटलं, की कान कवळीच्या हिरडीसारखे गुलाबी!

मग एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. लघुग्रहाला नंबर मिळाला. आणि तिची बदली झाली, दूरच्या शहरातल्या दवाखान्यात.

"तिचंच नाव देतो," भावजी खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ती कुठेही गेली तरी वर फिरत राहील."

"अहो, तिला विचारलंत?"

"नावाचं?"

"लग्नाचं हो, शहाणे!"

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांची कवळी सैल झाल्याचं निमित्त काढून मी भावजींच्या कामाच्या खोलीत ठाण मांडलं. ती आली, खोका ठेवला. भावजींनी घसा खाकरला.

"एका लघुग्रहाला तुमचं नाव द्यावं म्हणतोय."

"कुठे असतो तो?"

"मंगळ आणि गुरूच्या मधे."

"म्हणजे मला तिकडे धाडणार, आणि तुम्ही इथे बसून बघणार?"

मी कवळीत डोकं घातलं. हसू आवरेना.

"नाही, म्हणजे... जाऊ नका. माझ्याशी लग्न कराल?"

इतकी वर्षं दारातून परतणारी ती स्टूल ओढून बसली. हात पुढे करून तिनं त्यांच्या भुवया झटकल्या. उन्हात भुकटी तरंगत होती, खोलीभर गुलाबी धुकं.

"करेन," ती म्हणाली. "पण माझं नाव नको. अक्कलदाढ ठेवा."

"काहीतरीच! नावं मंजूर करणाऱ्या समितीला अर्थही कळवावा लागतो."

"लिहा की, सगळे दात आल्यावर सावकाश उगवते. खोटं आहे का?"

"रोमन लिपीत सोळाच्या वर अक्षरं चालत नाहीत," असं पुटपुटत भावजी बोटांवर मोजायला लागले. तोवर तिनं डॉक्टरांना फोन लावलाही होता. "सर, तिकडे दुसरं कुणीतरी बघा. मी इथेच राहतेय."