दोन गाण्यांच्या मधला माणूस

आमच्या फिल्म क्लबात एक प्रथा आहे. महिन्यातून एका रविवारी, सकाळी दहाला, सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये जुना सिनेमा दाखवतात आणि त्याआधी एक सभासद पाच मिनिटं बोलतो. सिनेमा कुठल्याही देशातला असो, बोलणाऱ्याने त्याचा धागा इथल्या एखाद्या माणसाशी जोडून दाखवायचा. वाळवंटावरच्या सिनेमाला एका गृहस्थांनी टँकरने पाणी घेणारी आपली सोसायटी जोडली होती. आम्ही बहुतेक सगळे निवृत्त आहोत, त्यामुळे हे ऐकून घ्यायला वेळ असतो.

त्या रविवारचा सिनेमा होता कृष्णधवल, एका खऱ्या माणसाच्या आयुष्यावरचा. नाइटक्लबात लोकांना हसवणारा, दारूत बुडालेला आणि समोर बसलेल्या बायकोवरच विनोद करणारा माणूस. बोलायची पाळी माझ्या मैत्रिणीची होती. नारायण पेठेतल्या एका शाळेत आम्ही दोघींनी सत्तावीस वर्षं शिकवलं. मधल्या सुट्टीत एकमेकींचे डबे खाल्ले. माझा घटस्फोट झाला तेव्हा ती आठवडाभर माझ्याकडे येऊन राहिली होती. "रविवारी आईंनाही आण गं," ती म्हणाली होती. "त्यांना तेवढाच बदल."

मी आईला आणलं ते बदलासाठी नव्हे. माझे वडील दिवसा एका कारखान्यात टाइमकीपर होते आणि संध्याकाळी कॅम्पातल्या एका हॉटेलात ऑर्केस्ट्राच्या दोन गाण्यांच्या मध्ये नकला करायचे. आई शेजाऱ्यांना सांगायची, "यांची दुसरी पाळी असते." चव्वेचाळिसाव्या वर्षी दारूने ते गेले, आणि तेव्हापासून आई त्यांच्याबद्दल बोलायची ती श्राद्धाच्या स्वयंपाकापुरती. मला वाटलं, पडद्यावर दुसऱ्या बाईचा नवरा बघून तिला आपल्या नवऱ्याबद्दल काही बोलावंसं वाटेल. मास्तरकी करून करून माणसाला अशा युक्त्या सुचतात.

एकदाच ती बोलली होती. मी कॉलेजात होते, ती घेवडा मोडत बसली होती. मी लहान असताना मला खूप ताप आला म्हणून ती वडिलांना बोलवायला त्या हॉटेलात गेली. वेटरने तिला मुदपाकखान्याच्या दाराशी उभं केलं. आत स्टेजवर वडील डोक्यावर नॅपकिन घेऊन तिच्याच आवाजात म्हणत होते, "अवं, जेवाया येताय न्हवं? भाकर निवाया लागलीया." आई आळंदीच्या वाटेवरच्या एका खेड्यातली. घरी ती अगदी तश्शीच बोलायची. लोक टेबलं बडवून हसत होते. ती त्यांना न बोलावताच परत आली आणि मला एकटीने दवाखान्यात नेलं. त्यानंतर वर्षभरात तिने आपलं बोलणं मुळापासून बदललं. हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली होती, "हे तुझ्यापाशीच ठेव."

मी ते मैत्रिणीला सांगितलं. घटस्फोटाच्या त्या आठवड्यात, रडून झाल्यावर. बाकीच्यांच्या बाबतीत तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला ठाऊक होतं, पण माझ्याबाबतीत भिजेल असं मी धरून चालले होते.

मैत्रीण माइकसमोर उभी राहिली. आधी सिनेमाविषयी चार बरी वाक्यं बोलली. मग म्हणाली, "असा एक कलावंत आपल्या पुण्यातही होऊन गेला. आपल्यापैकीच एकीचे वडील." आणि तिने डोक्यावर पदर घेतला. हातातली चिठ्ठी खाली ठेवली आणि ती भाकरीची नक्कल करून दाखवली. चांगली केली. शाळेच्या गॅदरिंगची नाटकं तीच बसवायची. हॉल हसला, मागच्या रांगेतल्या एकाने टाळ्या वाजवल्या, आणि मैत्रिणीने हसतहसत माझ्याकडे पाहिलं. माझ्या शेजारी आई मांडीवर पर्स घेऊन बसली होती. मी तिचा हात धरायला गेले. तिने तो पर्सखाली घेतला.

मला उठून निघायचं होतं. "बस," आई म्हणाली, "लोक बघतील." दोन तास ती पडद्याकडे बघत राहिली. इंग्रजी तिला येत नाही. मी मात्र काहीच पाहिलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

चहाच्या वेळी मी मैत्रिणीला गाठलं. ती म्हणाली, "अगं, मी नाव कुठे घेतलं?"

"त्याबद्दल आभारी आहे. आमचा पत्ता तेवढा सांगायचा राहिला."

"किती लावून घेतेस. मी त्यांना कलावंतच म्हटलं ना? आणि ही गोष्ट इतकी चांगली आहे, ती मरून जायला नको होती."

तिला खरोखरच कळत नव्हतं. केसाने गळा कापला असता तर मी भांडले असते. हिला वाटत होतं आपण हार घातलाय. मी कप ठेवला आणि सभासदत्वाचं कार्ड तिच्या बशीत ठेवून आले.

विश्रांतवाडीपर्यंत रिक्षात मी बोलत राहिले. सत्तावीस वर्षं, माझे डबे, माझा विश्वास. हिचं तोंडही पुन्हा बघणार नाही, असं दोनदा म्हणाले. आई बाहेर बघत होती. येरवड्याचा पूल ओलांडल्यावर तिने विचारलं, "हे तिला कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, "तेव्हा माझी अवस्था काय होती, तुला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. घराजवळच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा माझ्याकडे न बघता, तिच्या त्या कमावलेल्या स्वच्छ बोलण्यात ती म्हणाली, "तुझ्या वडिलांना माझी नक्कल करायला आधी प्यावं लागायचं. तू शुद्धीत होतीस."