मुलीच्या अर्जातून मी खोडलेलं वाक्य

मुलगी इंग्लंडमध्ये मानसोपचाराच्या प्रशिक्षणासाठी अर्ज करत होती. एमबीबीएस झालं, इंटर्नशिप झाली. आता ही शाखा का निवडली, हे स्वतःबद्दल पानभर लिहून द्यायचं होतं. तिने ते मला दाखवलं आणि म्हणाली, "बाबा, फक्त इंग्रजी तपास. बाकी हात लावू नकोस."

मी हात लावला. स्वतःबद्दल पानभर लिहिण्याचा आमच्या घराण्यातला अनुभव म्हणजे लग्नाचे बायोडेटा, आणि भाच्या-पुतण्यांचे ते मीच लिहीत आलोय. त्यामुळे सुसंस्कृत कुटुंब, कर्वेनगरला स्वतःचा फ्लॅट, मनमिळाऊ, निर्व्यसनी, सगळं आलं. लहानपणापासून रुग्णसेवेची ओढ, हेही.

तिने शांतपणे वाचलं. "छान. उंची आणि गोत्र राहिलं."

"अगं, तिथल्या लोकांना घराणं कळायला नको का?"

"नको. आणि माझं पहिलं वाक्य कुठे गेलं?"

ते वाक्य असं होतं: मी डॉक्टर व्हायचं हे माझ्या वडिलांनी ठरवलं, मानसोपचार मी ठरवला. अशाने निवड होणार नाही, असं कारण मी तयार ठेवलं होतं. खरं कारण वेगळं. दहावीनंतर तिला इतिहास घ्यायचा होता. मी तिला न विचारता मेडिकल प्रवेशाच्या क्लासला तिचं नाव घालून आलो. आणि तेव्हापासून नातेवाइकांत, सोसायटीत, हिंजवडीच्या कंपनी बसमध्येसुद्धा सांगत आलोय, की आम्ही काही बोललो नाही हो, तिचं तिनेच ठरवलं. ती समोर असली तरी सांगायचो. ती उठून आत जायची. पाणी प्यायला जात असेल, असं मी धरून चाललो होतो.

"खोटं आहे का ते वाक्य?" तिने विचारलं.

मी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"नाही," म्हणालो. एवढा एक शब्द तोंडातून निघायला मला तिचं अख्खं एमबीबीएस लागलं.

तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी एका बोटाने ते वाक्य परत टाइप केलं. पण राहवेना. "यात 'चांगल्या हेतूने' एवढं घालू का?"

"नको. शब्दमर्यादा आहे."

किती शब्द उरलेत, ते खाली कोपऱ्यात दिसत होतं. भरपूर उरले होते. मी लॅपटॉप तिच्याकडे परत सरकवला. तिने अर्ज पाठवून दिला.