मंगळवारचा भुईचाफा

साताऱ्याहून निघताना पिशवीत टोपी, पाण्याची बाटली आणि दोन पॉवर बँका कोंबल्या. नवरा म्हणाला, "झाडं बघायला चाललीयस का मोबाईलचं दुकान टाकायला?" मी चार्जरही कोंबला. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली होती आणि भूगोलाच्या बाईंना अखेर नकाशाबाहेर पडायला मिळत होतं! निपाणी मागं पडली तशा दुकानांवरच्या पाट्या कन्नडात दिसू लागल्या. कंडक्टर मात्र मराठीतच "मागं सरका की हो" करत होता.

माझी मावसबहीण वसुधा हिंडलग्याला राहते आणि बेळगावच्या कोर्टात वकिली करते. सुट्टीच्या दिवशी तिचा गट जंगलातल्या पायवाटांवर हिंडतो. झाडाचा फोटो काढायचा, ॲप नाव सुचवतं, जाणकार ते तपासतात आणि मग तिथं पाटी लागते. पाटीवरच्या चौकोनी कोडवर मोबाईल धरला की झाडाची माहिती मराठीत आणि कन्नडात उघडते. हे सगळं ऐकूनच मी हरखून गेले होते.

मंगळवारी सकाळी इडली हाणून आम्ही खानापूरच्या दिशेनं निघालो. सोबत गटातले परशराम अण्णा होते. बँकेतली नोकरी, राहायला बेळगावात, मूळ गाव खानापूर तालुक्यात नंदगडच्या बाजूचं. मुद्दाम रजा काढून आले होते. नंदगडचा फाटा आला तेव्हा त्यांनी मन मोकळं केलं.

"ताई, गेल्या पावसाळ्यात आमच्या गावातल्या भुईचाफ्याच्या पानांचा फोटो मी टाकलतो. ॲप म्हणालं, हळद! सगळा गट हसला बघा."

भुईचाफ्याची पानं दिसतात हळदीसारखीच. फूल मात्र भर उन्हाळ्यात, पान नसताना, बोडक्या जमिनीतून वर येतं. सकाळी उमललेलं फूल संध्याकाळी मान टाकतं. देवराईतल्या त्या फुलाचा, जागेची नोंद असलेला फोटो मिळाला तर गटाची ही पाट्यांची निसर्गवाट अण्णांच्या गावच्या देवराईपर्यंत वाढणार होती. नाही मिळाला तर अलीकडच्या ओढ्यापाशीच संपणार. आणि वाटेचा नकाशा त्याच संध्याकाळी छपाईला जायचा होता.

"गावात सांगून बसलोय, वाट आपल्याकडं येणार म्हणून. न्हाय आली तर तोंड कुठं दाखवू?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, मला पुरावा द्या, मी वाट देते," वसुधा म्हणाली. बाई घरीसुद्धा कोर्टातच असते.

ओढ्याजवळ गाडी लावून आम्ही चालू लागलो. अंजनीला निळीजांभळी फुलं लगडलेली, करवंदांनी हात चिकट झालेले! मी दिसेल त्याचे फोटो काढत सुटले. एका सुंदर तपकिरी पानावर ॲपनं सांगितलं, 'पतंग'. "काय फालतू ॲप आहे!" असं मी म्हणतेय तोवर ते पान उडून गेलं. अण्णा आणि वसुधा पोट धरून हसले.

गावाची शीव (हद्द) ओलांडली आणि जरा चमत्कारिक वाटलं. शेतात चिटपाखरू नाही. सगळं गाव लक्ष्मीच्या देवळात, कट्ट्यावर आणि पिंपळाखाली बसलेलं. अण्णांच्या शेवंता आत्तींनी (आत्यांनी) लांबूनच हाक मारली.

"परश्या, कुठं निघालास रं?"

"देवराईत, आत्ती. फुलाचा फोटो काढतो आणि आलोच."

"आज वार कंचा?"

"मंगळ..." अण्णांनी कपाळावर हात मारला.

लक्ष्मीच्या यात्रेआधी काही आठवडे इथं मंगळवारी आणि शुक्रवारी 'वार' पाळतात. त्या दिवशी शेतात, रानात पाऊल टाकायचं नाही, पान तोडायचं नाही, जमिनीला विसावा द्यायचा. इतकी वर्षं शहरात काढलेले अण्णा नेमकं हेच विसरले होते.

"फोटो काढणं म्हणजे काम व्हय?" एका आजोबांनी विचारलं. झालं! अर्धं देऊळ म्हणालं व्हय, अर्धं म्हणालं न्हाय.

वसुधानं आपला मुद्दा मांडला. "आम्ही बाहेरच्या. आम्ही दोघी गेलो तर?"

"शिवेच्या आत आलीस न्हवं? मग तुला बी वार हाय," आत्ती म्हणाल्या. "तुमास्नी कुणी दोरीनं बांधलं न्हाय. पर मी जा म्हणायची न्हाय."

देवराई समोर दिसत होती, हाकेच्या अंतरावर. अण्णांनी तिकडं पाहिलं, चपला काढल्या आणि कट्ट्यावर बसले. "न्हाय जात," एवढंच म्हणाले. माझा अगदी जीव तुटला.

आंबील आली. नाचणीची, ताक घातलेली, गारेगार. पण अण्णांनी भांडं तसंच खाली ठेवलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी आत्तींच्या मोबाईलमध्ये डोकावले. त्यांचा मुलगा गोव्यात कामाला असतो, त्याला त्या म्हशीच्या रेडकाचे फोटो पाठवतात.

"ह्यो बघ कालचा. देवराईच्या कडंला सोडलतं. किती गुणाचं हाय न्हाय?"

रेडकू गुणाचंच होतं. पण त्याच्या मागच्या पायांशी, उघड्या मातीतून वर आलेल्या पांढऱ्या पाकळ्या, मधे जांभळी छटा...

"अण्णाऽऽ!" मी अशी किंचाळले की आंबील वसुधाच्या ओढणीवर सांडली. ओढणी राहिली बाजूला, वकीलबाईंनी मोबाईल हिसकावला. तारीख कालची. मुलानं करून ठेवलेल्या सोयीमुळं फोटोत जागेचीही नोंद. ॲपला दाखवला तर उत्तर आलं, 'म्हैस'! फोटोतलं रेडकू कापून तो पुन्हा दाखवला आणि भुईचाफ्याचं शास्त्रीय नाव झळकलं.

"अर्धं फूल पायाआड आहे. एका फोटोवर नाही चालायचं," वसुधा म्हणाली.

अण्णा ताडकन उठले. "मोबाईल काढा रं समद्यांनी! ह्या आठवड्यातलं देवराईकडचं फोटो बघा!"

आणि काय धमाल उडाली म्हणून सांगू! एरवी ही माणसं शेताशेतांत पांगलेली असती, आज वारामुळं सगळी एकाच जागी, तीही रिकामी. नव्या सुनेचा सेल्फी, पाहुण्यांचा घोळका, उगाच उभी राहिलेली शेळी. कुणीच फुलाचा फोटो काढला नव्हता आणि फूल सगळ्यांच्या मागं होतं! "आमच्यात बी हाय!" "इकडं बघा वकीलबाई!" सेल्फीतलं फूल तर अख्खं, स्वच्छ. वसुधानं तो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "मान्य."

अण्णा लहान मुलासारखे रडले. आत्तींनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "रेडकाचं नाव घालनार न्हवं पाटीवर?"

परतीच्या बसमध्ये, निपाणीच्या अलीकडं, वसुधाचा निरोप आला. सोबत नकाशा. वाटेची हिरवी रेघ ओढा ओलांडून थेट देवराईला भिडलेली. खाली शेवटच्या पाटीचा मजकूर होता: भुईचाफा, फोटो गावकऱ्यांचे. आणि अण्णांनी हट्टानं घालायला लावलेली ओळ, मराठीत आणि कन्नडातही: 'गावात वार असेल त्या दिवशी ही वाट बंद राहील.'

मी नकाशे शिकवते. पण न जाता आखलेली वाट मी पहिल्यांदाच पाहत होते. डोळे भरून आले आणि हसूही फुटलं. शेजारच्या बाई घाबरून म्हणाल्या, "काय झालं हो?"

मी म्हटलं, "काही नाही. आमच्या गावाला पाटी लागली."