बोटीनं आलेलं तेल

गिरणीत तेल विकलं जातं, पेंडही विकली जाते. किश्शांना तेवढं गिऱ्हाईक नसतं, म्हणून ते साठत राहतात. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आप्पांच्या तेलाच्या गिरणीत मी काट्यावर होतो. पोत्यांचं वजन करता करता माझ्याकडे असे पुष्कळ जमले. सत्तरीचं दशक संपत आलं होतं आणि परदेशातून आलेलं पामतेल रेशनवर मिळायला लागलं होतं. त्या दिवसांतले किस्से तर हसावं की धास्तावावं, हेच कळू नये असे!

आमची गिरणी चालायची करडईवर. करडईचं तेल खपलं नाही तर गिरणी बंद. आणि गिरणी बंद झाली तर मोडनिंबच्या दगडूतात्यांची करडई घेणार कोण? तात्या आमचे सगळ्यांत जुने शेतकरी. दरवर्षी करडई आणायचे ती आमच्याच दारात.

*

पामतेलाची बातमी तात्यांना मीच पेपरातून वाचून दाखवली.

"कुटनं येतंय म्हनं?"

"मलेशियातून. समुद्रापलीकडनं, बोटीनं."

 तात्या शेजारी चहा पीत बसलेल्या मेहबूबभाईंकडे वळले. तात्यांची पोती त्यांच्याच ट्रकमधून यायची.

"भाई, समुद्रापल्याडचं तेल सस्तं आन् मोडनिंबची करडई म्हाग? तुमीच भाडं लई घेताय की!"

मेहबूबभाईंनी कप खाली ठेवला. "मैं ट्रक चलातूँ तात्या, सरकार नै चलातूँ!"

सगळे हसले. तात्या नाही हसले.

*

त्या हिवाळ्यात थंडी जरा जास्तच पडली आणि रेशनचं तेल डब्यात गोठलं! शेजारच्या एक आजी डबा घेऊन तरातरा गिरणीत आल्या. "आप्पा, ह्ये बघा की, तेल हाय का डालडा?"

आप्पा एकदम खूश! त्यांनी तो डबा गिरणीच्या दारात स्टुलावर मांडला. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायला लागले. "बघा, ह्याला थंडी वाजली! आमचं तेल कधी गोठलंय का?"

बायकांची ही गर्दी जमली. पण दुपार होईतो ऊन स्टुलावर आलं. तेल वितळलं आणि चांगलं पिवळंधमक, काचेसारखं दिसायला लागलं.

गर्दीतली एक बाई पुढे वाकून म्हणाली, "लई सोच्छ हाय की! आप्पा, कुठल्या दुकानात आलंय हो?"

आप्पांनी स्वतः उठून डबा आत नेला.

*

एका रविवारी आप्पांनी मला जेवायला बोलावलं. काकूंनी गरम भजी वाढली. आप्पांनी एक तोंडात टाकलं आणि डोळेच मिटले.

"चव बघ! ह्याला म्हणतात तेल! पामतेलात तळून दाखवावं कुणी असं!"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "रेशनचंच हाय ते."

आप्पांचा घास तोंडातच राहिला.

"पंधरा दिस झाले," काकू म्हणाल्या, "आन् तुमी रोज वा वा करताय. गिरणीतलं विकायचं तेल घरात कशाला संपवू, म्हटलं!"

आप्पा घाबरले की कानडीत बोलायचे. हळूच म्हणाले, "ईग एन माडोदु?" आता काय करायचं?  गिरणीवाल्याच्याच कढईत पामतेल शिरलं, मग गावाला काय नावं ठेवायची? भजी मात्र दोघांनीही संपवली.

*

पेरणीच्या आधी एक साहेब जीपमधून मोडनिंबला आले. चावडीपुढं सभा झाली. मीही गेलो होतो, यंदा करडई किती येईल याचा अंदाज घ्यायला. साहेब म्हणाले, "तेलबियांचं क्षेत्र वाढवा! देशाला तेलात स्वयंपूर्ण करा!"

तात्या उठले. "करडई काट्याची असती साहेब. दवानं काटं नरम हाईत तवरच काढावी लागती, हाताला फडकी गुंडाळून. त्ये आमी करतो. पर घेनार कोन?"

"त्यावर सरकारचा विचार चालू आहे."

"मग आमी आता पेरू, का सरकारचा विचार झाल्यावर?"

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि ड्रायव्हरला हाक मारली. तात्यांनी त्या वर्षीही करडई पेरली.

*

पीक निघालं तेव्हा आमच्या गिरणीत न खपलेल्या तेलाचे डबे छताला टेकले होते. मला त्या आठवड्यात काळजीनं धड जेवणही जात नव्हतं. अशात एका सकाळी मेहबूबभाईंचा ट्रक दारात उभा राहिला. वर तात्यांची पोती, पुढे तात्या.

आप्पा खरेदीचा भाव कधी तोंडानं सांगत नसत. हातावर टॉवेल टाकायचा आणि त्याच्याखाली शेतकऱ्याची बोटं दाबायची. बोटांवरून भाव कळतो, आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. बाजारात ही पद्धत कधीच बंद झाली होती, पण आप्पा आणि तात्यांची ही जुनी सवय. एरवी डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात काम व्हायचं.

त्या दिवशी आप्पांनी टॉवेल टाकला आणि दोघं नुसते उभे राहिले. मेहबूबभाईंची बिडी पेटून विझली. हमाल ट्रकची फळी खाली पाडायला थांबले होते, तेही बघत राहिले. आप्पांची मान खालीच. मग त्यांनी टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि आत निघून गेले.

मी धावत तात्यांकडे गेलो. "तात्या, किती बोटं? भाव काय झाला?"

तात्या आपल्या तळव्याकडे बघत होते.

"बोट कुटं दाबलं त्यानं! नुसता हात धरून हुबा ऱ्हायला की."